फेट्यातला सत्तावीस नंबर

माझ्या सासऱ्यांचे वडील क्रिकेट खेळत नव्हते, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. त्यांनी आयुष्यात बॅट हातात धरली नव्हती. त्यांच्या हयातीत तासगावजवळच्या त्यांच्या गावात बॅट आलीच नव्हती म्हणतात. असं असूनही त्यांच्यामुळे माझा क्रिकेटपटूंचा संच पूर्ण झाला, आणि त्यांच्यामुळेच तो कायमचा अपुरा राहिला.

माझ्या लहानपणी एका चहाच्या पुड्यात क्रिकेटपटूंची रंगीत कार्डं यायची. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, वरून चकचकीत रोगण लावलेली. पुढे खेळाडू, मागे वाफाळता कप आणि नंबर. एकूण पन्नास. माझा तेव्हाचा अर्धामुर्धा साठा आईने एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिला. मी दोन दिवस जेवलो नाही. पुढे मोठा झालो, साताऱ्याला सरकारी कचेरीत चिकटलो, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि अडतिसाव्या वर्षी जुन्या बाजारात बूट घ्यायला गेलेला मी अकरा नंबरचा यष्टिरक्षक घेऊन घरी आलो.

"बूट कुठंयत?" सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं.

"हे बघ, कोपरे अजून शाबूत आहेत!"

"तुमच्या बुटांचे नाहीत."

मुंबई-पुण्याचे शौकीन म्हणे अख्खे संच एका दमात विकत घेतात. आमच्या घरात या खात्याला तरतूदच नव्हती. सुनंदाने स्पष्ट सांगितलं, "घरखर्चाला हात लावायचा नाही. तुमचं तुम्ही बघा." मी माझं मी बघितलं. म्हणजे स्वतःच्या वस्तू देऊन कार्डं घेऊ लागलो. फलटणच्या एका मास्तरांना रेनकोट देऊन तीन नंबर आणला. मेढ्याच्या कंपाउंडरला छत्री देऊन एकोणीस. (हे दोन्ही व्यवहार मी जूनच्या पहिल्या आठवड्यात केले. साताऱ्यात जुलैही असतो, हे लक्षात राहिलं नाही.) लग्नात मिळालेलं मनगटी घड्याळ वडूजला गेलं आणि त्याबदल्यात सलामीची जोडी आली. मी कचेरीत ओला आणि उशिरा पोहोचू लागलो, पण संच वाढत होता.

कार्ड नुसतं जमवून भागत नाही, त्याची प्रत ठरवावी लागते. हे मला सांगलीच्या बशीरभाईंनी शिकवलं. बशीरभाईंचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान होतं, शिवाय ते तसबिरीही मढवायचे. घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावून ते कार्डाला दहापैकी गुण द्यायचे. चार कोपऱ्यांचे, तीन छपाईचे, तीन डाग आणि घड्यांचे. मग चिठ्ठीवर गुण लिहून, सही ठोकून, कार्ड आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घालायचे. पाचाच्या खालचं कार्ड ते मला अल्बमात लावू देत नसत. मोबदला म्हणून मी कंदी पेढे न्यायचो. पेढ्यांनी गुण वाढत नसत, हे मी तीन वेळा खात्री करून घेतलं होतं.

"साहेब, ह्यो फलंदाज पावसात भिजलाय. चार."

"भाई, मीही भिजलोय!"

"तुमाला कोन मार्क देतंय?"

अशा रीतीने चार वर्षांत एकोणपन्नास कार्डं झाली. राहिला सत्तावीस. सत्तावीस म्हणजे एक झुपकेदार मिशांचा डावखुरा फिरकी गोलंदाज, पांढरा शर्ट, छातीशी लाल चेंडू धरलेला. तो कारखान्यानेच कमी छापला होता अशी वदंता होती, म्हणजे लोकांनी चहा पीत राहावं. मी सांगली-मिरजेची रद्दीची दुकानं पालथी घातली. पेन्शनीत निघालेल्या अनोळखी माणसांना "आपण पूर्वी चहा कुठला घ्यायचा?" असं रस्त्यात अडवून विचारलं. सत्तावीस काही मिळेना.

त्या वर्षी मे महिन्यात सुनंदाच्या माहेरी नव्या घराची वास्तुशांत निघाली. द्राक्षांनी दोन वर्षं हात दिला होता, म्हणून माझ्या सासऱ्यांनी (त्यांना आम्ही मामा म्हणतो) चांगलं चार खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं होतं. चार दिवस आधी आम्ही कामाला म्हणून गेलो. घरात मामा, सासूबाई (त्या मामी) आणि मामांच्या आई, म्हणजे आक्का. आक्कांना कित्येक वर्षं धूसर दिसत होतं. दोन महिन्यांपूर्वी मिरजेला त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी त्यांना नंबरचा चष्मा मिळायचा होता. "आता घर बघीन, नातवंडं बघीन, आन् धन्यांचा फोटू बघीन," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

धन्यांचा फोटो म्हणजे आबांचा, मामांच्या वडिलांचा. तो एवढासा फोटो मोठ्या काळ्या चौकटीत, रुंद पुठ्ठ्याच्या मधोमध बसवलेला होता. डोक्याला भगवा फेटा, झुपकेदार मिशा, हातात डाळिंब. आबांना डाळिंब फार आवडायचं, असं सगळे सांगत. दर वर्षी त्यांच्या तिथीला फोटोपुढे डाळिंब ठेवलं जाई आणि नंतर ते जावयाला मिळे. बारा वर्षं मी ते भक्तिभावाने खाल्लं होतं.

मी उंच असल्यामुळे नव्या घरात फोटो टांगायचं काम माझ्याकडे आलं. स्टुलावर उभं राहून मी कडी शोधायला चौकट उलटी केली. मागचा खाकी कागद फाटला होता. फटीतून वाफाळता कप दिसत होता. कपाखाली आकडा होता. सत्तावीस.

मी चौकट सुलटी केली. पुन्हा उलटी केली. आबांच्या हातातल्या डाळिंबाला मधोमध टाके घातलेले होते.

"काय झालं?" खालून सुनंदाने विचारलं.

"तुझे आजोबा डावखुरे होते का गं?"

"मला काय माहीत? खिळा ठोका."

मी खिळा ठोकला. घाव अंगठ्यावर बसला.

दुपारी मी तासगावच्या एसटीडी बूथमधून बशीरभाईंना फोन केला. "भाई, सत्तावीस सापडला!"

"कुठं?"

"सासरच्या भिंतीवर. फेटा बांधून."

पलीकडे भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बूथमधलं मीटर पळत होतं.

"फेटा वरनं रंगवलाय व्हय? मग छपाईचं मार्क गेलं," बशीरभाई म्हणाले. "पन काचंमागं असंल तर कोपरं चांगलं असतील. घिऊन या."

माझा बेत साधा आणि सज्जनपणाचा होता. काच बदलायच्या निमित्ताने तसबीर सांगलीला न्यायची. फोटोवरून चांगला मोठा, दोन फुटी फोटो काढून घ्यायचा. सासरच्यांना भव्य आबा मिळतील, मला सत्तावीस. कुणाचं काही जात नव्हतं. (सगळे घोटाळे करण्यापूर्वी मला हे वाक्य सुचतं.)

"मामी, आबांच्या काचेला डाग पडलेत," मी जेवताना विषय काढला. "आक्का नव्या चष्म्याने बघणार, तर नवी काच नको का?"

"बघा, जावयाला किती काळजी!" मामींनी माझ्या ताटात पोळी वाढली.

मामा मात्र ताठ झाले. "काच बरी हाय की! कशाला उतरवताय? आबा हायती तितं सुखात हायती."

"आवं, जावईबापू एवढं म्हंत्यात," मामी म्हणाल्या, "तर जाऊ द्या की."

"मग मी बी येतो," मामा म्हणाले.

सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. तसबीर मामांनी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. कंडक्टरने "काय हाय त्यात?" विचारलं तर म्हणाले, "वडील हायती." कंडक्टरने दोनच तिकिटं फाडली. वाटेत मी दोनदा "मामा, द्या, मी धरतो" म्हणालो. दोन्ही वेळा त्यांनी टॉवेलाची गाठ आवळली. वडिलांवर एवढी माया! मला स्वतःची लाज वाटली. पण थोडीच.

दुकानात बशीरभाईंनी मला ओळख दाखवली नाही, कारण तसं ठरलं होतं. फक्त ते मोठ्याने म्हणाले, "या या, काच बदलायची ना?" आम्ही अजून काहीच बोललो नव्हतो.

मामा स्टुलावर बसले ते उठेनात. चहा मागवला, प्याले. पुन्हा मागवला, पुन्हा प्याले. शेवटी मी मामींनी दिलेली यादी काढली. हळद, सुपाऱ्या, नारळ, धूप. "मामा, हळद तुम्हीच बघून घ्या. मला हळदीतलं कळत नाही." हे खरं होतं, त्यामुळे त्यांना पटलं. जाताना ते बशीरभाईंना म्हणाले, "फकस्त काच. आतल्या चित्राला... फोटूला हात लावू नका."

ते कोपऱ्यावर वळताच बशीरभाईंनी चौकट उघडली. सत्तावीस बाहेर आला. पंचवीस वर्षं काचेमागे राहिलेला, ऊन न लागलेला, चारही कोपरे टोकदार! बशीरभाईंनी भिंग लावलं.

"साहेब, फेटा नसता तर ह्यो आठाच्या घरात गेला असता."

"मी शेजारच्या स्टुडिओत विचारून येतो, मोठा फोटो परवापर्यंत देतो का ते. तोवर तुम्ही बघून ठेवा."

स्टुडिओवाला म्हणाला, फोटो काढून घेतो, पण मोठा करायला आठवडा लागेल. मी हुज्जत घातली. तो सहा दिवसांवर आला. वास्तुशांत परवा. मी हताश होऊन परत आलो, तर बशीरभाई हसत होते. गेल्या चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"बघा!" ते म्हणाले. "रोगणावर पान्याचा रंग हुता. ओला कापूस लावला तर असा उतरला!"

मी बघितलं. फेटा गेला होता. खाली मधोमध भांग पाडलेले, तेल चोपडलेले, काळेभोर केस निघाले होते. सासऱ्यांचे वडील एखाद्या कॉलेजकुमारासारखे माझ्याकडे बघत होते.

"भाई, हे काय केलंत?"

"तुमी फोटू आदीच काडून ठिवलाय न्हवं?"

"मी विचारायला गेलो होतो!"

बशीरभाईंनी चूक मान्य केली, पण खेद मान्य केला नाही. त्यांनी चिठ्ठी घेतली, सावकाश लिहिलं, सही ठोकली. साडेसात. संचातले सगळ्यांत जास्त गुण! चिठ्ठीसकट कार्ड त्यांनी पाकिटात घातलं आणि माझ्या हातावर ठेवलं. पन्नासपैकी पन्नास. मी गहिवरलो.

"जावईबापू, हळद चांगली मिळाली," दारातून मामा म्हणाले.

मी पाकीट लपवायला वळलो, ते नेमकं मामांच्या पायाशी पडलं. मामांनी वाकून उचललं. फेटा नसलेल्या आबांकडे बघितलं. चिठ्ठीकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. जावयाला मारायची आमच्याकडे पद्धत नाही, पण पद्धती बदलतात.

काहीच झालं नाही म्हणून डोळे उघडले. मामा नारळांच्या पिशवीवर बसले होते.

"साडेसातच?" ते म्हणाले. "कोपरं तर नवं हायती."

मग मामांनीच सांगितलं. आबांनी जन्मात फोटो काढून घेतला नव्हता. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते गेले आणि आक्का फोटोसाठी रडून रडून जेवेनात. मामांना तेव्हा या चहाच्या कार्डांचा भलताच नाद होता. सत्तावीस नंबरच्या मिशा थेट आबांच्या. मामांनी तासगावच्या एका पेंटरला गाठलं, त्याच्याकडून फेटा चढवून घेतला आणि चौकटीत बसवून घरी आणला. आक्कांना तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं. त्यांनी फोटोवर हात फिरवला आणि त्या दिवशी जेवल्या.

"पंचवीस वर्सं कुनाला बोललो न्हाई," मामा म्हणाले. "मंडळीला बी न्हाई. आन् तुमी त्यो उगडा केला! उद्या आक्काला चष्मा मिळनार. तिला काय दावू आता? ह्यो भांग?"

मामांचे डोळे भरले होते. पुढचं वाक्य मी बोललो. कुणीही जबरदस्ती केली नव्हती.

"भाई, फेटा बांधा."

"साडेसाताच्या कार्डावर?" बशीरभाई किंचाळले. "परत निघायचा न्हाई! माझ्याकडं पान्याचा रंग न्हाई साहेब, पक्का तेलरंग हाय!"

"बांधा."

अकरा मिनिटं माझा संच पूर्ण होता. दुकानातल्या घड्याळावर मी नीट बघितलं होतं.

बशीरभाईंनी रंगाचा डबा काढला. खतावण्यांच्या पुठ्ठ्यांना लावायचा लाल सोडून दुसरा रंग नव्हता. शिवाय त्यांनी आजवर ब्रशने फक्त अक्षरं काढली होती. मामा एका खांद्यावरून आणि मी दुसऱ्या खांद्यावरून सूचना देऊ लागलो.

"जरा वर घ्या."

"आबा डाव्या बाजूला पीळ द्यायचं."

"मग तुरा?"

"तुरा न्हाई. बरं, बारका काडा."

"आता उजवीकडं वाकडा दिसतोय!"

"मग उजवीकडनं वाढवा."

उजवीकडून वाढवला की डावीकडून कमी पडायचा. अर्ध्या तासाने आबा लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिओनेटवाल्यासारखे दिसू लागले. बशीरभाईंनी ब्रश खाली ठेवला, जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहून माझ्या हातात दिली. शून्य. सही मात्र नेहमीपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या दिवशी आक्कांचा चष्मा आला. आधी त्यांनी घर पाहिलं. "भिंती लय पिवळ्या केल्या," म्हणाल्या. मग सुनंदाला जवळ घेऊन पाहिलं. "जाड झालीस." मग मला पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "धन्यांपाशी न्या."

मामांनी त्यांचा हात धरून फोटोपुढे आणलं. मी खांबाआड उभा होतो. (खांब नवा आणि बारीक होता. मी तसा नाही.)

आक्का बघत राहिल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

मामा चौकट सरळ करू लागले.

"आरं, तुझा बा असा हुता व्हय? ह्यो तर बाविशी-पंचविशीतला पोरगा हाय. नाक बी निराळं. आन् फेटा कुन्या आंधळ्यानं बांधला?"

"आक्का," मामा म्हणाले आणि रडायलाच लागले. एका दमात त्यांनी सगळं सांगून टाकलं. चहाचा पुडा, पेंटर, क्रिकेट, सगळं. काल फेटा कुणामुळे गेला, हेही सांगितलं. माझं नाव घेताना आवाज जरा चढला, असं मला वाटलं.

आक्कांनी त्यांना रडू दिलं. मग पुन्हा फोटोकडे वळल्या.

"म्हंजी पंचवीस वर्सं मी रोज सांजचं ह्या पोराला समदं सांगत हुते? सुनंचं, जावंचं, गुडघ्याचं?"

"व्हय."

आक्कांनी चौकटीवर हात फिरवला. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या त्याला. तुझ्या बा-नं कवा माजं दोन वाक्यं ऐकून घेतलं न्हवतं. ह्यो बिचारा एक बी दिस उटून गेला न्हाई."

आणि त्यांनी त्याला हळदकुंकवाचं बोट लावलं. नव्या काचेवर.

वास्तुशांत उत्तम झाली. दोन दिवसांनी आम्ही साताऱ्याला निघालो तेव्हा मामांनी सगळ्यांसमोर, ताठ मानेने, एक पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला. त्यात त्यांनी जपलेली जुनी कार्डं होती. सत्तावीस सोडून बाकी बरीचशी. एसटी सुटताच मी डबा मांडीवर उघडला, बशीरभाईंकडून उसनं आणलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि कोपरे तपासू लागलो.

"आईला सगळं ठाऊक होतं," शेजारून सुनंदा म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"फोटोचं. पहिल्या दिवसापासून. तो चहाचा पुडा तिनंच फोडला होता."

"मग एवढी वर्षं बोलल्या का नाहीत?"

"तेव्हा भांडून काय उपयोग, म्हणाली. बाबा रात्रंदिवस ती चित्रं घेऊन बसायचे. पण तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं, पोरीला असल्या नादाचा नवरा बघायचा नाही. माझ्यासाठी किती तरी स्थळं पाहिली. द्राक्षबागायतदार सोडले, मास्तर सोडले, एक डॉक्टर सोडला. सगळ्यांना कसला ना कसला नाद होता. मग तुम्ही आलात."

"आणि?"

"आई म्हणाली, हा माणूस चांगला आहे. ह्याला कशातलंच काही कळत नाही."

मी डोळ्याचं भिंग काढलं आणि खिशात ठेवलं.